घोडं पेंड कुठे खातं

पोळ्याच्या रात्री साडेदहाला फोन वाजला तेव्हा मी पुरणाचं पातेलं घासत होते. पलीकडून भाऊंचा आवाज. "ताई, शेवंती लोळून राह्यली. सारखी पोटाकडं पाह्यते. काका म्हणतेत ताईले नोको सांगू, पण मी सांगून देतो बापा." हात पुसले, गाडीची चावी घेतली आणि काटोल रोडला लागले. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून फेटरीच्या अलीकडच्या वाडीपर्यंतचा तो रस्ता मला डोळे मिटून पाठ आहे, पण त्या रात्री किती वेळ लागला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वाटभर दोन गोष्टी डोक्यात आलटून पालटून येत होत्या. घोडीचं काय होईल, आणि डॉक्टरचे पैसे कोण देईल. दुसऱ्या विचाराची लाज वाटत होती. तरी तो हटत नव्हता.

शेवंती माझी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

ती काकांची. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, चार एकर संत्र्याची वाडी, दोन गाई, आणि हौसेखातर सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली ही काठेवाडी घोडी. लाल कुमैत, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. म्हणजे पंचकल्याणी. कानांची टोकं आत वळलेली, एकमेकांच्या कानात काही सांगत असावीत तशी. काकांनी तिला चार वर्षं स्वतः फिरवली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रिकिबीत पाय टाकायची मनाई झाली आणि घोडी उभी राहिली. उभ्या घोड्याचं काय होतं हे आपल्याला लहानपणीच कोड्यात सांगून ठेवलेलं असतं. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यानं. शेवंती सुटली, चिडकी झाली, बांधल्या जागी पुढच्या पायानं खड्डा करू लागली.

आणि मी बँकेत कर्जाच्या फायली पाहते. मुलीला घोडेस्वारीच्या क्लासला सोडायला जायचे. तीन महिन्यांत तिची हौस फिटली आणि माझी सुरू झाली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. ऑफिसात वाटलं मी गंमत करतेय. सासूबाई फक्त "पडू नको" म्हणाल्या. वर्षभरानं क्लासची फी घरच्या किराण्याच्या पंगतीला येऊन बसली तेव्हा मी तो सोडला. तिथलेच मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, भाऊ तोवर काकांच्या वाडीवर लागले होते. दुवा त्यांनीच जोडला. "काका, ह्या ताई बसतेत. हात हलका हाय त्याईचा." घोड्याच्या माणसानं हात हलका म्हणणं म्हणजे काय, ते लगाम धरणाऱ्यालाच कळेल. मी ते वाक्य बरेच दिवस मनात घोळवलं.

"आठवड्यातनं तीनदा येत जा," काका म्हणाले. "मंगळवार, शुक्रवार, रविवार. तिचे पाय मोकळे होतील, तुझी हौस भागेल."

"काका, खर्चाचं काय?"

"पैशाचं काय बोलतेस बेटा! घरची घोडी आहे."

मी पुन्हा विचारलं नाही. दिवसभर लोकांना "पान चार वाचलं का, मगच सही करा" असं बजावणारी मी, एका वाक्यावर घोडीवर बसले.

पहिला महिना स्वर्ग. जूनचा पहिला पाऊस, ओल्या काळ्या मातीचा वास, संत्र्याच्या झाडांमधून जाणारी गाडीवाट, आणि खाली चारशे किलोचं जिवंत, श्वास घेणारं काहीतरी. दुसऱ्या महिन्यापासून मला अवघडायला लागलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कधी संत्रा बर्फी, कधी गुळाची ढेप, कधी घोडीचं अंग घासायला नवा खरारा. तिकडून काका संकोचत म्हणायचे, "तू बँकेत आहेस म्हणून विचारतो." मग त्यांची मुदत ठेव, काकूंच्या बहिणीची पेन्शन, पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाची चौकशी. मी सगळं हसून करत होते आणि मनात जमाखर्च मांडत होते. तेही मांडत असणार. एखाद्या रविवारी अंग दुखत असलं तरी "आज येत नाही" म्हणायची सोय नव्हती. फुकट मिळालेल्या घोडीला नाही म्हणणं उर्मटपणाचं वाटायचं.

आणि तो तंग. खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, त्याची शिवण एका बाजूनं उसवली होती. मला दिसत होतं, भाऊंना दिसत होतं. नवा आणा म्हणावं तर वर तोंड करून खर्च सांगितल्यासारखं होणार. आपणच आणावा तर त्यांच्या घोडीच्या सामानात खोट काढल्यासारखं होणार. भाऊंनी सुतळीचे चार टाके घातले आणि मी त्या सुतळीवर तीन आठवडे दौडले. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती माझ्या माकडहाडाचीही कोणीतरी लागली असती.

माझी एक मैत्रीण जर्मनीत असते. तिला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. तिथे याला शब्दच आहे, राइटबेटाइलिगुंग. दुसऱ्याच्या घोड्यात स्वारीपुरता वाटा. आठवड्याचे दोन-तीन वार, महिन्याची ठरलेली रक्कम, आणि कागद. हौसेखातर पाळलेल्या जनावरानं कुणाचं नुकसान केलं तर पाळणाऱ्याची चूक असो-नसो, भरपाई त्याच्यावर, असं त्यांच्या दिवाणी कायद्याच्या कलम ८३३ मध्येच आहे, त्यामुळे घोडेवाले विमा उतरवून ठेवतात आणि वाटेकऱ्याचं नावही त्यात आहे ना ते बघतात. "तू पडलीस तर कोण, घोडी पडली तर कोण, हे ठरवलंयस का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं, घरची घोडी आहे.

खरं तर शब्द आपल्याकडेही आहे, आणि जर्मनांपेक्षा जुना. बारगीर. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. सरकारच्या पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. शिलेदाराला पैसे जास्त, कारण घोड्याचं पोट त्याच्या अंगावर, आणि घोडं लढाईत पडलं तर नुकसानही त्याचंच. म्हणून ऐन गर्दीत घोडं घालताना शिलेदार जरा मागेपुढे पाहायचा, असं इतिहासकार लिहितात. बारगिराला ती काळजी नव्हती. नागपूरकर भोसल्यांचे हे बारगीर १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होते. १७५१ मध्ये अलीवर्दी खानानं वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली तेव्हा ते थांबलं. बंगालीत त्यांची आठवण 'बर्गी' या शब्दात राहिली, तिकडे पोरांना निजवायला तो वापरतात. म्हणजे ज्या माणसाच्या धाकानं बंगाल झोपत नव्हता, त्याच्या बुडाखालचं घोडंसुद्धा त्याचं नव्हतं. मला हे फार आवडतं.

पागेत खर्च कसा वाटायचा याचंही गणित बसवलेलं असे. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल, या दोन गोष्टी प्रत्येकानं आपापल्या बघायच्या नाहीत. आणि चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला त्यांनी लिहिलेलं पत्र पुष्कळांना ठाऊक असतं ते शेतकऱ्याच्या भाजीच्या देठासाठी आणि उंदरानं पळवलेल्या पेटत्या वातीसाठी. पण त्या पत्राचा मोठा भाग दाण्या-गवताच्या हिशेबाचा आहे. साठवलेलं आजच मन मानेल तसं चाराल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. बँकेतल्या बाईनं लिहावं असं पत्र आहे ते.

असो. पोळा.

वाडीवर पोचले तेव्हा शेवंती उभी होती, पण उभं राहणं तिला जमत नव्हतं. मान वळवून पोटाकडे बघायची, पुढच्या पायानं माती खरवडायची, गुडघे दुमडायची. भाऊ दोरी धरून "चाल, चाल माय" करत तिला अंगणात फिरवत होते. काका ओट्यावर काठी टेकून उभे. मानेवर, काखेत घाम, आणि घामाला तो आंबूस वास. मी तिच्या कुशीला कान लावला. एरवी तिथे कायम काहीतरी गुरगुरत असतं, लांबून ढग गडगडावेत तसं. त्या रात्री उजव्या बाजूला काहीच नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाज येऊ नये, तसं वाटलं.

घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूंचं कडं इतकं घट्ट असतं की आत गेलेलं वर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर मात्र लहान. त्यामुळे आपल्याला जे एका उलटीत निभावतं, त्यानं घोडा मरू शकतो. डॉक्टर आले तेव्हा नाडी साठला होती. शांत उभ्या घोड्याची तीस-चाळीस असते. त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकपुडीतून नळी घातली, इंच इंच आत सरकवत. नळीच्या बाहेरच्या टोकातून फुस्स करून हवा आली आणि मागोमाग आंबलेला, गोडसर वास.

डॉक्टरांनी नळीला नाक लावलं. "काय खायला घातलं हो हिला?"

कोणी बोलेना.

मी म्हणाले, "मी दुपारी आले होते. नैवेद्य म्हणून पाच पुरणपोळ्या दिल्या." पोळ्याला बैलांना देतात, शेवंतीनंच काय घोडं मारलं होतं, असा माझा विचार.

भाऊ खाली बघत म्हणाले, "आमच्या घरून चार आल्या होत्या डॉक्टरसाहेब."

थोड्या वेळानं ओट्यावरून काकूंचा आवाज. "मीपण दोन दिल्या. तूप लावून."

अकरा. हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, वर तूप, आणि रोजचा दाणा वेगळा. तीन माणसांचं प्रेम, तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. डॉक्टरांनी पॅराफिनचं तेल नळीतून सोडलं, फिरवत राहायला सांगितलं. आम्ही पाळीपाळीनं फिरवलं. पहाटे साडेतीनला तिनं शेपूट उचलली आणि लीद टाकली. भाऊंनी बॅटरीचा उजेड पाडून ती अशी न्याहाळली की कुणाला वाटावं सोनं सापडलं. मला रडू आलं. डॉक्टर सकाळी पुन्हा येऊन गेले. दोन फेऱ्या, औषधं, सगळं मिळून ८,६००.

"मी देते," मी पर्स उघडली.

"घोडी माझी आहे," काका जवळजवळ ओरडलेच.

"चारल्या मी."

"पोळ्या मोजायच्या का आता?"

"मोजा की," काकू म्हणाल्या. त्या आतून डायरी घेऊन आल्या. काकूंनी बावीस वर्षं मोहल्ल्यातली भिशी चालवली आहे, आणि भिशी चालवणाऱ्या बाईला संकोच परवडत नाही. त्या दिवशी तान्हा पोळा. शेजारच्या वाडीवरची पोरं लाकडी बैल घेऊन ओट्यावर यायची, काकू प्रत्येकाच्या हातावर दहाची नोट ठेवायच्या आणि परत डायरीत डोकं घालायच्या. "अकरातल्या चार भाऊंच्या, त्या आपण त्याच्याकडनं घेणार नाही. उरल्या सात. हिच्या पाच, माझ्या दोन." मग स्वतःच म्हणाल्या, "हे काही बरं दिसत नाही. निम्मे-निम्मे." ४,३०० मी दिले. काकांनी तोंड फिरवलं पण घेतले. तीन महिन्यांत आमच्यात पैशाची पहिली देवघेव झाली ती अशी, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या ओट्यावर नीट मांडी घालून बसता आलं.

"आता बाकीचं," काकू म्हणाल्या.

महिन्याचा खर्च काकांनी सांगितला, भाऊंनी दुरुस्त केला. दाणा, म्हणजे एक किलो हरभरा, एक किलो जव, एक किलो कोंडा रोज, ४,०५०. कडबा रोज सात किलो आणि हिरवी लसूणघास पाच किलो, मिळून ३,४२०. मीठ, तेल, गूळ ५००. लस आणि जंताचं औषध ८००. नाल दीड महिन्याला १,८००, म्हणजे महिन्याला १,२००. भाऊंचा पगार बारा हजार, पण निम्मं काम गाईंचं आणि वाडीचं, म्हणून घोडीच्या नावे ६,०००. काकूंनी बेरीज केली, १५,९७०. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चार वर्षांत त्यांनी ही बेरीज कधी केली नव्हती. हौसेची बेरीज करत नाहीत.

मी म्हटलं, सातातले तीन वार माझे, तर सातातला तीन हिस्सा माझा. ६,८४४. बँकेत असंच भागलं असतं. पण तिथेच तर घोडं पेंड खातं. काकांचं म्हणणं, तू आली नसतीस तरी घोडी खाणारच होती, मग तुझ्यामुळे खर्च वाढला कुठे? काकूंचं म्हणणं, हिला फिरवायला माणूस ठेवला असता तर चार-पाच हजार त्याला द्यावे लागले असते, म्हणजे उलट आपणच हिचं देणं लागतो. माझं म्हणणं, हीच स्वारी मी विकत घेत होते तेव्हा किती मोजत होते ते मला माहीत आहे. तिघांचंही बरोबर होतं. मी माझ्या फायलींत असे प्रसंग पाहिले आहेत. भावाभावांत वाटणी अडते तेव्हा कोणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकजण आपल्या दारातून घर बघत असतो.

काकूंनी मग एकेक कलम वेगळं काढलं. खाणं सातही दिवस चालतं, ते वाराप्रमाणे. दाणा, वैरण, मीठ-तेल मिळून ७,९७०, त्यातले माझे ३,४००. लस आणि जंत मालकाचे, घोडी कुणी न फिरवली तरी ते चुकत नाहीत. काकांनी मार्चमध्ये वर्षाचा कडबा एकदम भरला होता, तीस हजारांचा. आपल्याकडे शेतं सोयाबीननं घेतली, ज्वारी कमी झाली, कडबा शोधत फिरावं लागतं. भंडाऱ्याकडचं धानाचं तणस स्वस्त पडतं, पण त्यात दम नाही. तर मी मध्येच सोडून गेले तर त्या गंजीचं काय? एक महिना आधी सांगायचं ठरलं. मला हे सुचलं नसतं.

नालेवर मात्र बराच वेळ गेला. आमचा नालबंद कामठीहून येतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख भरले, सात वर्षांपूर्वीच्या जवळजवळ निम्मे. घोडी गेली तसे नालबंदही गेले. उरलेला एकजण दहा फोन केल्यावर येतो. तर मी म्हटलं, नालेचा सगळा खर्च माझा. घोडी नुसती वाडीत चरली असती तर खूर छाटून भागलं असतं, नाल ठोकावी लागते ती मी डांबरी रस्त्यावर नेते म्हणून.

काका एकदम म्हणाले, "नाल निम्मी."

"अहो पण काका..."

"निम्मी म्हटलं ना. मी काय परत बसणारच नाही का?"

ओट्यावर कोणी काही बोललं नाही. काकूंनी नालेपुढे ६०० लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आणि भाऊ. हे मला आजही टोचतं. आम्ही तिघं शेकड्यात बोलत होतो आणि ते खांबाला टेकून ऐकत होते. काकूंनी सहज विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ते म्हणाले, "माह्यं काय बाप्पा. पह्यले मी सहाले उठो. आता ताईच्या वाराले साडेचारले उठतो. खरारा, खोगीर, मंग ताई गेल्यावर आंघोळ. आता मले कोनी इचारलंच नाही त मी काय सांगू." आवाजात तक्रार नव्हती. सकाळी साडेपाचला मी येते तेव्हा घोडी चकचकीत, खोगीर चढवून उभी असते, तर ती तशी आपोआप उभी राहत नसावी, हे तीन महिने माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाऊंना दरमहा १,५०० माझ्याकडून, थेट त्यांच्या हातात. काकांच्या पगारात मिसळायचे नाहीत.

झाले ५,५००. वर काकूंनी एक डबा काढला, बिस्किटांचा. "ह्यात दोघांनी पाचशे-पाचशे टाकायचे महिन्याला. आजारपणाचे. पुन्हा रात्री बारा वाजता पर्सा उघडायच्या नाहीत." भिशीवाल्या बाईला हे सुचणारच. पण मला गंमत वाटली ती नंतर, जेव्हा कळलं की इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यातही, म्हणजे घोडदळातही, पहिल्या महायुद्धापर्यंत घोडं स्वाराचं अशी शिलेदारी रीत होती, आणि तिथे स्वारांकडून दरमहा पैसे कापून चंदा जमवत, घोडं मेलं तर त्यातून दुसरं घ्यायला. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डबा होता का त्यांच्याकडे?"

डॉक्टरला बोलवायचं तर ज्याला आधी दिसेल त्यानं बोलवायचं, पैशाचं विचारत बसायचं नाही, हेही डायरीत आहे. माझ्या स्वारीत किंवा माझ्या चारण्यानं काही झालं तर माझं, एरवी डब्यातून, डबा संपला तर मालकाचं. मी पडले तर माझी मी. घोडी विकायची झाली तर मला काही बोलायचा हक्क नाही, एवढं वाक्य काकांनी मला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं. मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय. पुरणपोळीबद्दल वेगळं कलम आहे.

तंग मी दुसऱ्या दिवशी आणला. निम्मे पैसे काकांनी न मागता दिले.

काही गोष्टी लगेच बदलल्या. बर्फी नेणं थांबलं, बँकेची कामं मात्र मी अजूनही करते, पण आता मला ती आवडतात. ऑक्टोबरमध्ये ताप आला तेव्हा दोन वार चुकले. फोन करून सरळ सांगितलं, येत नाही, आणि पैसे पूर्ण दिले, कारण घोडी त्याही दिवशी जेवली होती. एकदा काकांनी तिला पुतण्याच्या मित्राच्या वरातीला द्यायचं मनात आणलं. रविवार होता. आधीची मी असते तर गप्प बसले असते. मी म्हटलं, काका, बॅंडबाजात, फटाक्यांत ती बिथरेल, आणि शिवाय वार माझा आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. घोडी गेली नाही. पुतण्या माझ्याशी अजून धड बोलत नाही.

संक्रांत झाली, मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली. एका शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात हळूहळू बसायला हरकत नाही. उद्या रविवार आहे... तुझा वार. तुझी अडचण नसेल तर मी दोन फेऱ्या मारू का?"

मी "मारा की" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच उभी राहिले.

सकाळी संत्र्याच्या दोन पेट्या एकावर एक उपड्या ठेवल्या होत्या. काका त्यावर चढले, भाऊंनी रिकीब धरली, मी डोकं धरलं. पाय टाकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. बसले. शेवंतीनं एक कान मागे वळवला, मग दुसरा, आणि तशीच उभी राहिली. माझ्याखाली ती कधी अशी उभी राहत नाही, मी बसले की लगेच चालायला बघते. काकांनी काही म्हटल्याचं ऐकू आलं नाही, पण ती निघाली, चालीनं, झाडांच्या ओळीतून, दव पडलेल्या गवतावर पांढरे पाय उचलत.

भाऊ म्हणाले, "पाहा ताई. तिले याद हाय."

ओट्यावर काकू डायरी घेऊन बसल्या होत्या. "अगं, आजचा वार तुझा कापू का? महिन्याचे तेरा धरले तर चारशे तेवीस होतात."

"कापा," मी म्हटलं.

वाडीच्या टोकाकडून काकांचा आवाज आला. "नाल निम्मीच धर गं!"